आपले फोटो दुसऱ्याच्या दुकानात दिसले तर काय करायचं

मार्गशीर्ष संपत आला की हलव्याच्या दागिन्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. काळ्या साडीतली नवी सून, मुकुट-बासरी घातलेलं रडवेलं बाळ, ताटात मांडलेला तन्मणी. यातले कितीतरी फोटो ज्यांनी काढले त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. मी डोंबिवलीत घरी हलवा करून त्याचे दागिने बनवते. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडे हे चालत आलंय. हल्ली संक्रांतीच्या तोंडावर परातीपुढे बसायच्या वेळात आपले फोटो कुठे कुठे जाऊन पोचलेत ते शोधावं लागतं, हा खरा ताप.

दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, "काकू, माझ्या गोधड्यांचे फोटो उचललेत, काय करू?" कुणाची क्रोशाची तोरणं असतात, कुणाच्या खणाच्या पर्स. म्हणून मी काय करते ते एकदाच सविस्तर लिहिते. उदाहरणं हलव्याचीच येतील, मला तेच येतं.

आमच्या धंद्यात एक अडचण जास्तीची आहे, ती म्हणजे हंगाम. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास आणि बोरन्हाणं रथसप्तमीपर्यंत. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आली होती, २०२६ साली २५ जानेवारीलाच. त्यामुळे महिनाभराने मिळालेला न्याय मला पुढच्या वर्षीच उपयोगी पडणार. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, याला म्हणूनच फार महत्त्व.

समोर कोण आहे ते आधी बघा

फोटो दिसला की डोकं फिरतं आणि बाई थेट कमेंटमध्ये जाऊन भांडते. पण फोटो वापरणारे सगळे एका जातीचे नसतात, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिल्या असतात ग्रुपवाल्या ताई. सोसायटीच्या नाहीतर भिशीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, वर शंभर-दोनशे लावून ऑर्डर घेतात आणि मग तुमच्याकडेच ऑर्डर देतात. फोटो न विचारता घेतला हे खरं, पण माल तुमचाच खपतोय. यांच्याशी भांडण करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. यांना रिसेलर, म्हणजे आपला माल पुढे विकणाऱ्या, म्हणून नियमात आणायचं. ते कसं, ते पुढे सांगते.

दुसरी असतात इन्स्टाग्राम-फेसबुकवरची पानं. त्यांच्याकडे माल नसतो. तुमचा फोटो, दुसरीचा फोटो, तिसरीचा फोटो असं एकत्र करून दुकान थाटतात. ऑर्डर आली की जिथे स्वस्त मिळेल तिथून उचलून पाठवतात, किंवा पैसे घेऊन गप्प बसतात.

तिसरे मोठ्या मार्केटप्लेसवरचे, म्हणजे अनेकांचा माल एकत्र विकणाऱ्या खरेदीच्या अ‍ॅपवरचे, विक्रेते. फोटो खऱ्या हलव्याचा आणि पार्सलमध्ये प्लास्टिकचे मणी नाहीतर थर्माकोलच्या गोळ्या. मला सगळ्यात जास्त त्रास यांचा, कारण फसलेली गिऱ्हाइकं फोटोवरून माग काढत माझ्या दारात येतात.

आणि चौथे, आपल्याच गावातले दुकानदार, जे तुमचा फोटो फ्लेक्सवर नाहीतर खोक्यावर छापतात. यांच्याकडे सरळ जाऊन उभं राहायचं, बरोबर घरातलं कुणीतरी मोठं माणूस घेऊन. समोर उभं राहिलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. बहुतेकदा तिथल्या तिथे मिटतं.

फोटो तुमचा, तन्मणी सगळ्यांचा

आपलं नेमकं काय चोरीला गेलं ते नीट कळलं नाही तर तक्रार फेटाळली जाते. म्हणून थोडा कायदा.

आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यात फोटो ही कलाकृती धरली आहे. फोटो काढला की हक्क निर्माण झाला, नोंदणी करावीच लागते असं नाही. नोंदणी केली तर पुराव्याला बळ येतं, पण ती नाही म्हणून "तुमचा हक्कच नाही" असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क राहतो. आपण तेवढे काही राहत नाही.

आता मेख इथे आहे. हक्क ज्याने फोटो काढला त्याचा. माझे फोटो माझा भाचा काढतो, हौसेने. त्याच्याकडून मी साध्या कागदावर लिहून घेतलंय की या फोटोंचे सगळे हक्क मावशीला दिले. खाली त्याची सही, तारीख. घरच्या घरी कसलं लिहून घ्यायचं असं वाटतं, पण तक्रारीच्या फॉर्मवर "मी या फोटोची मालक आहे" असं शपथेवर लिहायचं असतं, आणि ते खरं असावं. पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतले असतील तर वेगळा करार नसताना हक्क पैसे देणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. बिल मात्र जपून ठेवा.

गिऱ्हाइकांनी पाठवलेले बाळांचे फोटो हे तिसरंच प्रकरण. बाळाच्या अंगावरचे दागिने माझे, पण फोटो बाळाच्या बाबांनी काढलेला. तो फोटो कुणी उचलला तर कॉपीराइटची तक्रार मी करू शकत नाही, त्यांनीच करायला हवी. लहान मुलाचा फोटो परवानगीशिवाय वापरला म्हणून इन्स्टाग्राम-फेसबुकवर पालकांना वेगळी तक्रारही करता येते. म्हणून असा फोटो चोरीला गेलेला दिसला की मी आधी त्या आईला फोन करते. आई चिडली की काम कसं फटाफट होतं ते बघण्यासारखं असतं. पोटच्या पोराचा फोटो परक्या दुकानात लटकलेला कुणाला खपेल?

आता कटू भाग. तन्मणी, बोरमाळ, कमरपट्टा, मुकुट हे घाट माझे नाहीत. माझ्या सासूबाईंचेही नव्हते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या नमुन्यावर कुणा एकाचा हक्क बसत नाही, डिझाइनची नोंदणी करायला गेलात तरी ते नवीन असावं लागतं. तेव्हा कुणी माझा हार बघून तसाच हार स्वतः ओवला, स्वतःच्या फोटोत स्वतःच्या ताटात मांडला, तर माझी तक्रार उभीच राहत नाही. जळफळाट होतो, होऊ द्यावा. पण तिथे कॉपीराइटची तक्रार ठोकू नये. खोट्या तक्रारी करणाऱ्याचंच खातं अडचणीत येतं, आणि उगाच कायद्याची धमकी दिली तर समोरचा माणूस उलट तुमच्यावर दावा लावू शकतो. तशी तरतूदच त्या कायद्यात आहे, कलम ६०.

वर्णनाचंही तसंच. "लांबी १८ इंच, काळ्या दोऱ्यात ओवलेला" हे कुणीही लिहील. पण हलवा कसा होतो, पाक कसा सोडतात, आमच्या घरात तो कोण करतं, अशी चार-सहा वाक्यं तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिली असतील आणि ती जशीच्या तशी उचलली असतील, तर तो तुमचा मजकूर. मी वर्णनात मुद्दाम एखादं फक्त आमच्या घरचं वाक्य ठेवते. एका परराज्यातल्या विक्रेत्याने माझं वर्णन इतकं प्रामाणिकपणे उचललं होतं की त्याच्या पानावर "डोंबिवली पूर्वेला घरपोच" हेही तसंच होतं. यापेक्षा चांगला पुरावा मागून मिळत नाही.

पुरावा आधी, फोन नंतर

हे एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. तुम्ही मेसेज केलात की तासाभरात पोस्ट गायब, नाव बदललेलं, तुम्हाला ब्लॉक केलेलं. मग तक्रार कशाच्या जोरावर करणार?

म्हणून राग गिळायचा आणि आधी फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करायचं. आधी घड्याळ आणि तारीख दिसू द्यायची, मग त्या पानाचं नाव, मग खाली सरकत पोस्ट, किंमत, वर्णन, कमेंट्स, शेवटी लिंक कॉपी करताना. नुसता फोटोचा स्क्रीनशॉट काढला तर तो कुठून काढला ते कळत नाही. प्रत्येक पोस्टची लिंक वेगळी लिहून ठेवायची. पान नाव बदलतं, पण पोस्टची लिंक सहसा तीच राहते. हे सगळं स्वतःलाच ईमेल करायचं, म्हणजे तारखेचा शिक्का पडतो. प्रकरण कोर्टात गेलं तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील बघतील, तुम्ही रेकॉर्डिंग केलेला फोन मात्र विकून टाकू नका.

मार्केटप्लेसवर असेल तर विक्रेत्याच्या नावावर क्लिक करा. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा नंबर ही माहिती गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. तीही टिपून घ्या. जीएसटी नंबर दिसला तर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून बघता येतो. नोंदणीचं खरं नाव आणि राज्य कळतं.

आणि एक खर्चिक पण फार कामाचा उपाय: एक सेट मागवा. स्वतःच्या नावावर नको, जाऊबाईंच्या पत्त्यावर. पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल आणि खोक्यावरचा परतीचा पत्ता दिसू द्या. एकदा आमच्या जाऊबाईंकडे "अस्सल साखरेचा हलवा" आला तो चमच्यावर घेऊन त्यांनी पाण्यात टाकला. तासाभराने साखर विरघळायला हवी होती, ती गोळी खुशाल तरंगत होती. तो व्हिडिओ तक्रारीला जोडला.

खऱ्या हलव्याची ओळखही इथेच सांगून ठेवते, कारण गिऱ्हाइकांना ती पाठवता येते. साबुदाणा, तीळ, खसखस किंवा लवंगेवर एकतारी पाक थोडा थोडा सोडत मंद आचेवर हाताने परतत राहिलं की काटा येतो. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की साखर पिवळी पडते. म्हणून दोन दाण्यांचे काटे कधी सारखे नसतात. प्लास्टिकचे मणी मात्र साच्यातून निघालेले, सगळे एका मापाचे, आणि नीट बघितलं तर मधे जोडाची रेघ दिसते.

शोधायचं कसं? फोनमधलं गुगल लेन्स वापरा, आपलाच फोटो त्यात टाका. वर्णनातलं ते आपलं खास वाक्य अवतरण चिन्हांत घालून गुगलवर शोधा. मार्केटप्लेसच्या अ‍ॅपमध्येही फोटोवरून शोधायची सोय असते. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवा. मला निम्म्या खबरी त्यांच्याकडूनच मिळतात.

मेसेज कुणाला, तक्रार कुणाची

ग्रुपवाल्या ताईंना आणि छोट्या पानांना मी आधी मेसेज करते. बऱ्याच जणींना खरंच वाटतं की नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे. मी साधारण असं लिहिते:

"नमस्कार ताई. तुमच्या पानावर हलव्याच्या दागिन्यांचे जे फोटो आहेत ते माझे आहेत. मूळ फोटो माझ्याकडे आहेत. मी तुम्हाला ते वापरायची परवानगी दिलेली नाही. कृपया उद्या संध्याकाळपर्यंत काढून टाका. माझे दागिने विकायची इच्छा असेल तर मला कळवा, रिसेलरसाठी माझे वेगळे फोटो आणि दर आहेत. काढले नाहीत तर मला कॉपीराइटची तक्रार करावी लागेल."

एवढंच. शिव्या नाहीत, पोलिसांचा धाक नाही, "तुम्हाला लाज वाटत नाही का" नाही. हा मेसेज उद्या कुणीही वाचला तरी आपली मान खाली जाऊ नये. आणि त्यांचं नाव-नंबर घेऊन जाहीर पोस्ट टाकू नये. चार दिवस लोक वाहवा करतात, पण बदनामीची नोटीस तुम्हाला येते, त्या चोराला नाही.

मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला मात्र मी मेसेज करतच नाही. तो सावध होतो, नाव बदलून परत येतो. तिथे थेट तक्रार.

तक्रारीचं बटण बरोबर निवडा. पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन "स्पॅम" नाहीतर "फसवणूक" दाबलं तर ते कुठेतरी ढिगात पडतं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकचा कॉपीराइटचा फॉर्म वेगळा आहे, तोच भरायचा. त्यात चोरीच्या पोस्टची लिंक आणि तुमच्या मूळ पोस्टची लिंक द्यायची. फोटो पाच असतील तर लिंका पाच. "यांच्या पानावरचे सगळे फोटो माझे" असं लिहून भागत नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: या फॉर्मवरचं तुमचं नाव आणि ईमेल समोरच्या माणसाकडे जाऊ शकतं. म्हणून धंद्याचा ईमेल वेगळा ठेवा. मुलीचा, नवऱ्याचा देऊ नका.

मार्केटप्लेसकडेही बौद्धिक संपदेच्या तक्रारीचा वेगळा फॉर्म किंवा ईमेल असतो. तो सापडला नाही तर संकेतस्थळाच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात निवारण करायचं. महिना म्हणजे आमचा अख्खा हंगाम. म्हणून मी तक्रारीत दोन वेगळे मुद्दे लिहिते. एक, फोटो माझा आहे. दोन, फोटोत साखरेचा हलवा आहे आणि पाठवतात प्लास्टिक. त्याच नियमांत असं आहे की मालाचे फोटो आणि वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळेल, अशी हमी मार्केटप्लेसने विक्रेत्याकडून लिहून घ्यायची. दुसरा मुद्दा घातला की हालचाल लवकर होते असा माझा अनुभव आहे, कारण तिथे त्यांचीही मान अडकते. ज्यांचा माल कॉपीराइटच्या कारणाने परत परत काढावा लागतो अशा विक्रेत्यांची नोंद ठेवायलाही नियम सांगतात. म्हणून त्याच विक्रेत्याविरुद्ध आधी तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक लिहायला विसरू नका.

अगदी कायद्याच्या भाषेत तक्रार करायची तर कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ आहे. लेखी तक्रार पटली तर त्या संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर बंद करायचा, २१ दिवसांसाठी. या २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाहीत तर ते पुन्हा चालू करू शकतात, आणि कोर्टात जाऊ अशी हमी तक्रारीतच द्यावी लागते. तेव्हा हे पत्र वकिलाला दाखवून, खरंच जायची तयारी असेल तरच पाठवा. परदेशी कंपन्यांचे फॉर्म बहुतेक अमेरिकन कायद्यावर चालतात. तिथे समोरच्याने "फोटो माझाच आहे" असं उलट लिहून दिलं आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पोस्ट परत येऊ शकते. तोपर्यंत रथसप्तमी उरकलेली असते, त्यामुळे मी त्याची फार चिंता करत नाही. वर्षभर खपणारी वस्तू असेल तर तुम्हाला करावी लागेल.

एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळावर न्यू जर्सीतल्या नाहीतर लंडनमधल्या मराठी मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून कुणी तुमचे फोटो लावले असतील, तरी तुमचा हक्क तिथे चालतो. भारत १९२८ पासून बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे. तक्रार इंग्रजीतून करावी लागते, तेवढंच.

तक्रार फेटाळली तर नवीन तक्रार करू नका, त्याच ईमेलला उत्तर द्या. आणि आता तुमचा हुकमी पत्ता काढा: न कापलेला मूळ फोटो. पोस्ट करताना मी फोटोच्या चारही बाजू थोड्या कापते आणि मूळ फोटो संगणकात जपून ठेवते, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नव्हे, कॅमेऱ्यातून उतरवलेला. चोराकडे कापलेलाच फोटो असतो. माझ्या मूळ फोटोत हाराच्या डावीकडे इरकली खणाची कड आहे, तिच्यावर तुपाचा डाग आहे, आणि त्याच्या पलीकडे परातीचा पोचा आलेला काठ. हे दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाठवले की पुढे वाद राहत नाही.

समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याने नीट उत्तर दिलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. पोलिसांचं म्हणाल तर कॉपीराइट भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड कायद्यात आहे, आणि दिवाणी दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, चोराच्या गावाला जावं लागत नाही. पण सातशे-हजाराच्या सेटसाठी हे कुणी करावं असं मला वाटत नाही. तोच माणूस दोन हंगाम सतावत असेल तर वकिलाची एक नोटीस जाऊ द्या.

फसलेलं गिऱ्हाईक दारात आलं तर

"काकू, तुमच्याकडून मागवलं आणि थर्माकोल आलं." हा फोन दर संक्रांतीला येतो, आणि तो नेमका पाक उतू जायला आलेला असताना. तिच्यावर ओरडू नका, ती आधीच फसलेली आहे. "तो माझा माल नव्हे" एवढं स्पष्ट सांगा, आणि ऑर्डर क्रमांक, पार्सलचे फोटो मागून घ्या. मग तिलाच तक्रार करायला लावा: अ‍ॅपवर "वस्तू फोटोप्रमाणे नाही" म्हणून परतावा, आणि नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पैसे घेऊन काहीच पाठवलं नसेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि तिथे जितक्या लवकर फोन तितकं बरं. गिऱ्हाइकाच्या तक्रारीला जे वजन आहे ते आपल्या तक्रारीला नाही, हे मी पुष्कळदा बघितलंय. आपल्या खिशातून भरपाई देत बसू नका. कुणाकुणाला पुरणार?

आपल्या पानावर सगळ्यात वर एक पोस्ट लावून ठेवा: आम्ही कुठे विकतो, कुठे विकत नाही, पैसे कुठल्या नावावर घेतो. दुसऱ्या कुणाचं नाव न घेता. आणि एक ओळ: "ऑर्डर देण्याआधी व्हिडिओ कॉलवर परातीतला हलवा दाखवायला सांगा." फोटो चोरता येतो, परात कुठून आणणार?

रिसेलर ठेवा, पण आपल्या अटींवर

काही बायका म्हणतात रिसेलर नकोतच. मला ते पटत नाही. नाशिकच्या, नागपूरच्या घरात माझा हलवा त्यांच्यामुळेच पोचतो. फक्त त्यांना तोंडी काही सांगायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून द्यायचं आणि "मान्य" असं उत्तर घ्यायचं. माझ्या अटी: मी दिलेलेच फोटो वापरायचे, माझ्या पानावरचे नाहीत, गिऱ्हाइकांच्या बाळांचे फोटो अजिबात नाहीत, किंमत अमुक इतक्याच्या वर न्यायची नाही, माल शिल्लक आहे का ते विचारल्याशिवाय आगाऊ पैसे घ्यायचे नाहीत, स्वतः बनवते असं सांगायचं नाही, रथसप्तमीनंतर फोटो काढून टाकायचे.

रिसेलरसाठीचे फोटो वेगळे काढा, वेगळ्या कापडावर. आणि प्रत्येकीला देताना त्यावर कुठेतरी तिची बारीक खूण टाका, हाराच्या आत एखादं अक्षर, कोपऱ्यात एक टिंब जास्त. तो फोटो भलतीकडे दिसला की कुणाकडून गेला ते कळतं. यावर एकीने मला "तुमचा विश्वास नाही का" असं विचारलं. म्हटलं, ताई, विश्वास आहे म्हणून तर फोटो दिले.

कोपऱ्यातल्या वॉटरमार्कवर फार भिस्त ठेवू नका. तो कापला जातो, आणि हल्ली फोनमध्येच पुसताही येतो. दागिन्याच्या मधोमध मोठा टाकला तर काटा दिसत नाही, आणि काटा दिसला नाही तर हलवा घ्यायचा कशाला? मी नावाची हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी हाराखाली अर्धी सरकवते. ती काढायची तर हार कापावा लागतो. आणि फोटोंपेक्षा करतानाचे व्हिडिओ जास्त टाकते. बोटांना पाक लागलाय, मागे कुकरची शिट्टी होतेय, असला व्हिडिओ उचलून कुणी आपला म्हणत नाही.

उरलेलं काम रथसप्तमीनंतरच्या सुस्तीत उरकायचं. वर्षाचे मूळ फोटो तारखेप्रमाणे लावा, तक्रारींचे क्रमांक आणि निकाल एका वहीत लिहा, भाच्याकडून त्या वर्षीच्या फोटोंचा कागद सही करून घ्या. ज्यांनी दोनदा चोरी केली त्यांची नावं वेगळ्या पानावर. आपल्या धंद्याचं नाव बऱ्यापैकी झालं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज याच काळात करा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे. घाट आपला नसला तरी नाव आपलं असतं, आणि ते कुणी लावलं तर तक्रारीला दुसरा आधार मिळतो. हे सगळं मार्चच्या आत करा. एकदा पापड-कुरडयांचे दिवस सुरू झाले की ते कागद दिवाळीपर्यंत कपाटाबाहेर येत नाहीत.